आकाशातील रणांगण आणि नकाशाची सत्ता



या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयापासून अर्थसंकल्पापर्यंत अनेक विषय ऐकत आला आहात. त्या मालिकेत आज संगणकावरील विमानयुद्धाचा खेळ हा विषय पाहून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. माझ्याही पडल्या होत्या. त्या कशा मावळल्या, तेच प्रथम सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीत माझा नातू घरी आला होता. जेवण झाले की तो संगणकापुढे बसे आणि जगाच्या कोपऱ्याकोपऱ्यांतील अनोळखी गड्यांबरोबर विमाने उडवी. एका रात्री तो चिडून म्हणाला, "आजोबा, आमच्या बाजूला सगळे भित्रे लोक आले होते. आपल्याच धावपट्टीभोवती घिरट्या घालत बसले, पुढे म्हणून कोणी गेले नाही." दुसऱ्या रात्री तक्रार नेमकी उलटी. "आज सगळे आततायी! जमिनीलगत एकाच ठिकाणी गर्दी करून पटापट मेले."

मला प्रश्न पडला, की काल भित्री असलेली माणसे आज एकाएकी आततायी कशी झाली? माणसे बदलली होती हे खरे, पण दोन्ही रात्री ती यंत्रानेच वाटेल तशी गोळा करून दिली होती. सगळे भित्रे एका रात्री आणि सगळे आततायी दुसऱ्या रात्री यावेत, असा योगायोग मानणे कठीण. मग बदलले होते काय? मी त्याला दोन्ही रात्रींची रणांगणे पडद्यावर दाखवायला सांगितली. बदलला होता तो नकाशा. तेव्हापासून मी या गोष्टीचा थोडा अभ्यास केला. त्याचे फलित आज आपल्यापुढे ठेवतो.

नकाशा म्हणजे काय?

नकाशा म्हटले की शाळेच्या भिंतीवरील कागद आपल्या डोळ्यांपुढे येतो. या खेळांत नकाशा म्हणजे ती सगळी सृष्टीच. डोंगर, समुद्र, ढग, विमानतळ, तोफा, जिंकावयाची ठाणी आणि ज्याच्या पलीकडे जाता येत नाही ती सीमा, हे सर्व त्यात आले. आपल्या कबड्डीचेच पाहा. निदान रेषा किती अंतरावर आखावी हे ज्याने ठरविले, त्याने चढाई करणाऱ्याने किती खोल शिरावे हेही ठरवून टाकले. रेषा काही बोलत नाही, पण खेळ तिच्या सांगण्याप्रमाणे चालतो.

हे खेळ आजकालचे आहेत अशी एक समजूत आहे. वस्तुतः केल्टन फ्लिन आणि जॉन टेलर या व्हर्जिनिया विद्यापीठातील दोघा जणांनी उभारलेल्या केस्माय या संस्थेने 'एअर वॉरियर' हा खेळ १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातच दूरध्वनीच्या तारांवरून चालविला होता, आणि लोक त्यासाठी तासावर पैसे मोजत. पुढे १९९५ मध्ये 'वॉरबर्ड्स', २००० मध्ये 'एसेस हाय', २०१२ पासून 'वॉर थंडर' आणि २०१३ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरप्लेन्स' असे खेळ आले. चित्रे सुधारली, यंत्रे वेगवान झाली, पण नकाशा आखणाऱ्यापुढचे प्रश्न तेच राहिले.

उंची हे भांडवल

हे प्रश्न समजण्यासाठी हवाई युद्धाचे एकच सूत्र ध्यानात ठेवले तरी पुरे. उंची म्हणजे शिल्लक टाकलेला वेग. ताशी ३६० किलोमीटर वेगाने जाणारे विमान १,००० मीटर खाली सूर मारील, तर हवेचा अडथळा हिशेबात न धरता त्याचा वेग ताशी सुमारे ६२० किलोमीटर होईल. म्हणून वर असलेला वैमानिक हा गाठीशी पैसा असलेल्या गिऱ्हाइकासारखा असतो. सौदा करावयाचा की नाही आणि केव्हा करावयाचा, हे तोच ठरवितो. खालच्याला ती निवड नसते. जर्मन वैमानिक ओस्वाल्ड ब्योल्के याने १९१६ साली आपल्या सहकाऱ्यांसाठी जे नियम घालून दिले, त्यांतला पहिलाच असा, की हल्ल्यापूर्वी वरचढ स्थिती मिळवावी आणि शक्य तर सूर्य पाठीशी ठेवावा. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, पण माझ्या नातवाला पहिला धडा मिळाला तो हाच.

आता या भांडवलाची वाटणी कोण करतो? आपण म्हणाल, वैमानिकाचे कौशल्य. मी म्हणतो, आधी नकाशा. हिशेबच करून पाहू. दोन बाजूंची विमाने आपापल्या धावपट्टीवरून एकाच वेळी उडाली. दोन्ही सेकंदाला ७५ मीटर पुढे आणि १५ मीटर वर जातात असे ढोबळमानाने धरू. म्हणजे त्यांच्यातील अंतर दर सेकंदाला १५० मीटरने घटते. धावपट्ट्या ९ किलोमीटरांवर असतील, तर एका मिनिटात गाठ पडेल आणि तेव्हा विमाने ९०० मीटर उंचीवर असतील. अंतर ३० किलोमीटर केले, तर गाठ पडावयास २०० सेकंद लागतील आणि उंची ३,००० मीटर होईल. ६० किलोमीटर केले, तर ४०० सेकंद आणि ६,००० मीटर.

पाहिलेत? आखणाऱ्याने विमानाला हात लावला नाही, बंदुकीला लावला नाही. त्याने धावपट्टी तेवढी सरकविली आणि लढाई जमिनीलगत व्हावी की मेघांच्या वर, हे ठरवून टाकले. याचा परिणाम दूरवर जातो. रशियन याक-३ खालच्या हवेत चपळ, तर अमेरिकन पी-४७ थंडरबोल्ट हे धूड चढावयास मंद, पण विरळ हवेतही दम न सोडणारे. पहिल्या नकाशावर थंडरबोल्टवाला पोरका आणि तिसऱ्यावर तोच राजा. पहिल्या नकाशावर मार खाऊन 'हे विमानच कुचकामी' असा निकाल देणारा खेळाडू विमानाला शिव्या देत असतो. दोष असतो आखणीचा.

अंतर आकसले की इतिहास बदलतो

'वॉर थंडर'मध्ये ग्वाडलकॅनल, मिडवे, माल्टा, सिसिली, कुर्स्क, स्टालिनग्राड अशी इतिहासप्रसिद्ध नावे असलेली रणांगणे आहेत. नाव वाचून खेळणाऱ्याला वाटते की आपण ती लढाईच लढत आहोत. येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे.

१९४२च्या ऑगस्टमध्ये पॅसिफिक महासागरातील ग्वाडलकॅनल बेटावर अमेरिकनांनी हेंडरसन विमानतळ ताब्यात घेतला. त्यावर हल्ला करणारी जपानी विमाने राबाऊलहून येत. अंतर सुमारे हजार किलोमीटर. मधल्या बेटांवर दडून बसलेले टेहळे विमाने डोक्यावरून जाताना पाहत आणि बिनतारी यंत्राने खबर देत. अमेरिकनांचे वाइल्डकॅट विमान चढण्यात मंद होते, पण या खबरीमुळे त्याला वर जाऊन बसावयास वेळ मिळे. उलट जपानी झीरो विमानाला परतीचे इंधन राखावयाचे असल्याने तेथे फार काळ झुंजता येत नसे. म्हणजे चपळ विमानाची चपळाई त्या हजार किलोमीटरांनी खाल्ली.

हेच रणांगण खेळात आणताना हजार किलोमीटर कसे आणणार? कामावरून घरी आलेला माणूस अर्ध्या तासाचा विरंगुळा शोधत असतो. नुसत्या समुद्रावरून कित्येक तास उडत बसावयास तो तयार नसतो. म्हणून अंतर आकसावे लागते. पण अंतर आकसले की टेहळ्यांची खबर गेली, चढावयाचा अवधी गेला, इंधनाची चिंता गेली. उरले ते फक्त दोन विमानांचे गुणावगुण, आणि त्यांत झीरो सहज भारी ठरते. नाव ग्वाडलकॅनलचे, झाडे-समुद्र ग्वाडलकॅनलचे, पण जी गोष्ट त्या लढाईचा प्राण होती ती नाहीशी झालेली असते.

ब्रिटनच्या १९४०च्या लढाईचे तसेच. जर्मन मेसरश्मिट १०९ लंडनवर आले की इंधन जेमतेम दहा-पंधरा मिनिटांच्या झुंजीपुरते उरे. जाणकार आखणारे यावर एक तोड काढतात. जेथे अंतरे लहान करावी लागतात, तेथे इंधन प्रत्यक्षाहून जलद जळेल अशी व्यवस्था करतात; 'एसेस हाय'मध्ये ती होती. अंतर खोटे झाले तरी अंतराची झळ खरी राहावी, हा त्यातला हेतू. मला ही तोड फार मार्मिक वाटते.

ठाणी किती असावीत?

आता ठाण्यांकडे वळू. नकाशाच्या मध्यभागी एकच ठाणे ठेवले, तर दोन्ही बाजूंचे सर्वजण तेथेच धाव घेणार. ठाणे जमिनीवर असेल तर उंचीचे भांडवल उधळून सारे खाली उतरणार आणि जत्रेत व्हावी तशी गर्दी होणार. नातवाच्या दुसऱ्या रात्रीचे 'आततायी' ते हेच. तो नकाशा पाहिला तेव्हा आढळले, की मधले एक ठाणे धरल्याखेरीज गुण मिळण्याची दुसरी वाटच नव्हती. वर थांबणारा शहाणा वैमानिक स्वतः वाचला असता, पण त्याची बाजू हरली असती.

ठाणी तीन-चार केली म्हणजे प्रश्न सुटतो का? येथे एक जुना गणिती नियम आठवावा लागतो. इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९१६ साली विमानयुद्धावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे असे, की जेथे प्रत्येकाला प्रत्येकावर मारा करता येतो, तेथे सैन्याचे बळ संख्येच्या वर्गाप्रमाणे मोजावे. एका बाजूला १२ विमाने एकत्र आणि दुसऱ्या बाजूलाही १२, पण ६ आणि ६ अशी विभागलेली, असे समजा. पहिल्या सहांशी गाठ पडली: १२चा वर्ग १४४, ६चा वर्ग ३६, वजाबाकी १०८. म्हणजे सहाही पडली आणि १२ पैकी १० उरली. मग दुसऱ्या सहांशी गाठ पडली: १०८ वजा ३६ म्हणजे ७२, त्याचे वर्गमूळ साडेआठच्या आसपास. दोन्ही बाजू तोडीस तोड असूनही एकीची १२ पडली आणि दुसरीची आठ शिल्लक राहिली! प्रत्यक्ष झुंजी इतक्या काटेकोर नसतात हे कबूल, पण कल दिसावयास एवढे पुरे.

यावरून कोणी म्हणेल, की मग सर्वांनी एकत्रच राहावे. पण येथेही शेवटचा शब्द नकाशाचाच आहे. ठाणी एकमेकांपासून एका मिनिटाच्या अंतरावर असतील, तर एकजूट करून फिरणारी टोळी सर्व काही झाडून नेईल. तीच पाच मिनिटांच्या अंतरावर असतील, तर टोळी एका ठाण्यावर असेतो प्रतिपक्ष दोन ठाणी घेईल. तेथे फाटाफूट हेच शहाणपण ठरेल. 'वर्ल्ड ऑफ वॉरप्लेन्स'ने २०१७ साली आपल्या खेळाची घडीच या विचाराने बदलली. पूर्वी प्रतिपक्षाची विमाने आणि जमिनीवरील लक्ष्ये उडविण्यावर भर होता. नव्या रचनेत नकाशाचे विभाग पाडले आणि प्रत्येक विभागाला वेगळे काम दिले. विमानतळ धरला तर पडलेल्याला तेथून जवळच पुन्हा उतरता येते, कारखाना धरला तर गुण अधिक मिळतात, लष्करी तळ धरला तर तेथून शत्रूच्या विभागांवर अग्निबाण सुटतात. आता खेळाडूला 'कोणाला मारू?' या प्रश्नाआधी 'कोठे जाऊ?' हा प्रश्न पडू लागला. पहिल्या प्रश्नाला चपळ हात पुरतो, दुसऱ्याला विचार लागतो.

आसरा आणि धैर्य

पहिल्या रात्रीच्या 'भित्र्यां'चा हिशेब अजून राहिला आहे. त्या नकाशावर दोन्ही विमानतळ जवळजवळ होते आणि त्यांच्याभोवती विमानवेधी तोफांचे दाट कडे होते. पुढे गेलेला तोफांनी मरे, मागे थांबलेला वाचे. मग लोक थांबले यात नवल ते काय?

आसरा माणसाचे वर्तन कसे घडवितो, याचे मोठे उदाहरण कोरियाच्या युद्धात मिळते. १९५० ते १९५३ या काळात वायव्य कोरियाच्या आकाशात मिग-१५ आणि अमेरिकन सेबर विमानांच्या झुंजी चालत. त्या भागाला वैमानिकांनी 'मिगची गल्ली' असेच नाव ठेवले होते. मिग विमानांचे तळ यालू नदीपलीकडे चिनी हद्दीत होते आणि नदी ओलांडावयास अमेरिकनांना सरकारी मनाई होती. काहींनी ती मोडली, ही गोष्ट वेगळी. परिणाम असा, की मिगवाला पलीकडे सुखाने उंची मिळवी, मनात आले की नदी ओलांडून सूर मारी आणि बेत फसला की परत फिरे. सेबरवाल्याला दक्षिणेकडून लांब यावे लागे आणि परतीच्या इंधनाकडे डोळा ठेवूनच लढावे लागे. ती नदी म्हणजे खेळाच्या भाषेत नकाशाची सीमाच होती, आणि ती एकाच बाजूला लागू होती.

आखणारा येथे कात्रीत सापडतो. तोफा बळकट कराव्या, तर हरणारी बाजू आसऱ्याला जाऊन बसते आणि खेळ गोठतो. तोफा काढून टाकाव्या, तर जिंकणारी बाजू धावपट्टीवरच घिरट्या घालून उडणाऱ्याला उडू देत नाही. नवशिका दोनचार वेळा असा मेला की खेळच सोडून देतो. यावर उपाय निघाले आहेत. प्रत्येक बाजूस एकाहून अधिक विमानतळ देणे हा एक. काही विमानांना आरंभापासूनच आकाशात सोडणे हा दुसरा. ठाणी हातात नसलेल्या बाजूचे गुण हळूहळू झिजत ठेवणे हा तिसरा, म्हणजे बसून राहणाऱ्याला बसणे परवडत नाही. 'वॉर थंडर'च्या एका प्रकारात तर मधला मोकळा विमानतळ जिंकावयाचा, तो त्यावर विमान उतरवूनच. ज्याने वेग आणि उंची दोन्ही सोडून चाके टेकविली, तो त्या घटकेला सर्वांत असहाय असतो; म्हणून त्याला वरून राखण करणारा सोबती लागतो. सहकार्याचा उपदेश न करता नकाशाने सहकार्य शिकविले, ते असे.

मरणाचेही तसेच. खेळातले मरण म्हणजे पुन्हा उडून रणांगणी पोचावयास लागणारा वेळ. १९४० साली केंटवर हवाई छत्रीने उतरलेला इंग्रज वैमानिक जायबंदी नसल्यास लौकरच पुन्हा विमानात बसे; तेथेच उतरलेला जर्मन वैमानिक कैदी होई. आपल्या भूमीवर लढणाऱ्याचे मरण स्वस्त आणि परभूमीवर लढणाऱ्याचे महाग, हा नियम खेळातही जसाच्या तसा चालतो. म्हणूनच पुढे सरकणारी बाजू जितकी पुढे जाते, तितके तिचे परतीचे अंतर वाढते आणि तिचा जोर ओसरतो.

न्याय कशाला म्हणावे?

एक वाद मात्र मिटलेला नाही. बुद्धिबळाच्या पटासारखा दोन्हीकडे सारखा नकाशा असावा, की इतिहासात होता तसा विषम? सारखा नकाशा न्याय्य, पण लौकरच बेचव. चार दिवसांत सर्वांना ठराविक वाटा पाठ होतात. विषम नकाशात कथा आहे, पण वाईट बाजू वाट्याला आलेल्याला ती कथा गोड लागत नाही. तिसरा मार्ग 'एअर वॉरियर' आणि 'एसेस हाय' यांनी धरला. त्यांनी दोनऐवजी तीन राष्ट्रे मांडली. एक राष्ट्र फार फुगले की त्याच्या दोन सीमा उघड्या पडतात आणि उरलेले दोघे दोन्हीकडून चढतात. अर्थात दोघांनी मिळून तिसऱ्या दुबळ्यालाच लुटावे, असेही घडते! 'एसेस हाय'ने म्हणून ज्या बाजूला माणसे अधिक, तिच्याकडून उत्तम विमाने काढून घेण्याचा नियम केला. भूगोलाला न साधलेले शेवटी कायद्याने साधावे लागले.

येथे आपण शंका घ्याल, की मग खेळाडूच्या बुद्धीला काही वावच नाही का? आहे. १९४०च्या लढाईत आग्नेय इंग्लंडचे विमानदळ कीथ पार्क यांच्याकडे होते. ते विमानांच्या लहान तुकड्या तातडीने शत्रूवर सोडत. उत्तरेकडील दळाचे प्रमुख ली-मॅलरी यांचे म्हणणे, की अनेक तुकड्यांची मोठी फळी जमवून घाव घालावा. लँचेस्टरचा नियम पाहिला तर ली-मॅलरी यांची बाजू बळकट दिसते. पण पार्क यांचे तळ किनाऱ्याजवळ होते. फळी जमेपर्यंत शत्रू तळांवर बाँब टाकून गेला असता. डक्सफर्डला मागे बसणाऱ्याला जो वेळ होता, तो पार्कना नव्हता. त्यांनी सूत्र बाजूला ठेवले आणि नकाशा वाचला. बुद्धीचे काम ते हेच. नकाशा आपल्याकडून काय करवू पाहतो हे ज्याला उमगले, तोच त्यातून वाट काढतो. ज्याला उमगले नाही, तो नकाशाच्या हुकमाने वागतो आणि दोष सोबत्याला देतो.

सुट्टी संपण्याच्या आदल्या रात्री नातू पुन्हा तोच तोफांचा नकाशा खेळत होता. या वेळी त्याने आधी पाठ फिरवून चार मिनिटे नुसती उंची गाठली आणि मग सोबत्यांना लिहिले, की मी वर आहे, तुम्ही त्यांना बाहेर ओढा. तिघांनी ऐकले. ते हरलेच, पण थोडक्यात. "आजोबा, आज कोणी भित्रे नव्हते," एवढेच तो म्हणाला.

श्रोतेहो, मी त्या खेळाची भलावण करावयास येथे उभा नाही. पोरांनी किती वेळ खेळावे हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. पण आपणही रोज कोणाला आळशी, कोणाला बेशिस्त, कोणाला घाबरट म्हणत असतो. एस.टी. स्टँडच्या एकाच दाराशी गर्दी करणाऱ्या लोकांना आपण रांगेची शिस्त शिकवितो. दुसरे दार बंद आहे, हे पाहावयाचे राहून जाते. माणसाचा निकाल देण्यापूर्वी त्याच्या पायाखालचा नकाशा एकदा पाहावा, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.